हुमणीवर हितकारक सूत्रकृमी: सोलापूरच्या उन्हात ते चालतात का?

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. घरापुढे साधारण ५०० चौरस फुटांचं लॉन, गच्चीवर चाळीसेक कुंड्या. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास लॉनवर पिवळे चट्टे पडले. गवत हातानं ओढलं तर चटईसारखं वर आलं आणि खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या, म्हणजे मुळं खाणारी हुमणी. दिवाळीनंतर अळ्या दिसेनाशा झाल्या. या मे महिन्यात कुंड्या उकरताना पुन्हा तशाच अळ्या सापडल्या. परदेशी व्हिडिओ बघून त्यांनी सूत्रकृमींची, म्हणजे मातीतल्या किडींना मारणाऱ्या बारीक धाग्यासारख्या कृमींची, दोन पाकिटं मागवली, आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवली आणि एका रविवारी दुपारी लॉनला आणि कुंड्यांना दिली. तीन आठवडे झाले, एकही अळी मेली नाही, वर दोन गुलाब वाळले. विचारतात, आपल्या उन्हात हे चालतच नाही का? आणि त्यांनी गांडुळांचं आणि मुळांचं नुकसान तर नाही ना केलं?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल. गांडुळांना आणि मुळांना काहीही झालेलं नाही. आपल्याकडे सूत्रकृमी हा शब्द ऐकला की टोमॅटोच्या, डाळिंबाच्या मुळांवरच्या गाठी आठवतात, त्यामुळे भीती वाटणं साहजिक आहे. पण गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात सुईसारखा अवयव असतो, तो मुळात खुपसून ते रस शोषतात. किडींना मारणाऱ्या सूत्रकृमींकडे ती सुईच नाही. झाडाचं मूळ त्यांच्या उपयोगाचं नाही, त्यांना किडीचं शरीर लागतं. दोघांचं आडनाव एक, पण घराणी वेगळी. गुलाब वाळले ते बहुधा तापलेल्या कुंडीमुळे, त्याकडे पुढे येतोच.

आता मूळ प्रश्न. हो, आपल्या उन्हात ते चालतात. मी सांगली-कोल्हापूरकडच्या उसात आणि घरगुती बागांमध्ये हे काम बरीच वर्षं करतो आहे, म्हणून खात्रीनं सांगतो. पण तुम्ही ज्या तऱ्हेनं दिले त्या तऱ्हेनं दिले तर ते कोल्हापुरातही चालले नसते. त्यात चार गोष्टी हुकल्या, आणि ऊन ही त्यातली सगळ्यात मोठी नव्हे. सगळ्यात मोठी चूक महिन्याची झाली.

लॉनचं बघा. आपल्या भागात माळरानाच्या जमिनीत जी हुमणी येते तिला शास्त्रात होलोट्रिकिया सेराटा म्हणतात. ऊस पट्ट्यात तिला माळावरची हुमणी म्हणतात आणि कृष्णा-वारणेच्या काठची ल्युकोफोलिस जातीची ती नदीकाठची हुमणी. मराठवाडा-विदर्भात काही ठिकाणी उन्नी असंही म्हणतात. माळावरच्या हुमणीचं वर्ष पावसाला बांधलेलं आहे. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की जमिनीतून तपकिरी भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात, कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात, पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं आणि पहाट होण्याआधी ते परत मातीत जातात. मादी काही इंच खोल अंडी घालते. आठ-बारा दिवसांत अळी बाहेर येते. पहिली अवस्था महिनाभराची, ती बहुतेक कुजलेला पालापाचोळा आणि बारीक मुळं खाते. दुसरी अवस्था ऑगस्टच्या आसपास. तिसरी म्हणजे ती जाडजूड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, जी गणपतीत तुम्हाला दिसली. ती दसरा-दिवाळीपर्यंत मुळं फस्त करते, मग फूट-दोन फूट खोल जाऊन कोष करते. हिवाळ्यातच त्या कोषातून भुंगेरा तयार होतो आणि पुढच्या पावसाची वाट बघत तसाच मातीत बसून राहतो.

म्हणजे मे महिन्यात तुमच्या लॉनखाली अळीच नव्हती. होता तो भुंगेरा, कडक कवचाचा, खोलवर झोपलेला. सूत्रकृमी त्याचं फारसं काही करू शकत नाहीत. पाकीट उत्तम असतं, रात्र थंडगार असती, तरी निकाल शून्यच आला असता.

मग कुंड्यांतल्या मे महिन्यातल्या अळ्या कोणत्या? माझा अंदाज असा की त्या हुमणीच्या नाहीतच. शेणखताबरोबर किंवा कंपोस्टबरोबर फुलभुंगेऱ्यांच्या अळ्या कुंडीत येतात, दिसायला थेट हुमणी, पण खातात ते कुजकं. त्या तुमचं खत आणखी बारीक करतात. गच्चीवर बाग करणाऱ्यांकडून मला जे फोटो येतात त्यांत हुमणीच्या नावाखाली आलेल्या कितीतरी अळ्या याच असतात आणि बिचाऱ्या रॉकेलच्या डब्यात जातात. ओळख अगदी सोपी आहे. अळी उचलून फरशीवर ठेवा आणि दोन मिनिटं तिला मोकळी सोडा. उताणी होऊन, पाय वर करून, पाठीच्या स्नायूंवर सरपटत निघाली तर ती फुलभुंगेऱ्याची. तिला परत खताच्या ढिगात सोडा. कुशीवर पडून नुसती वळवळत, वाकडीच राहिली तर संशय घ्यायचा. भिंग असेल तर शेपटाकडच्या शेवटच्या भागाची खालची बाजू बघा. होलोट्रिकियाच्या अळीवर तिथे आखूड काट्यांच्या दोन समांतर ओळी दिसतात. कोकणात नारळाच्या बागांमध्ये उकिरड्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या सापडतात, त्या याहून खूप मोठ्या असतात, त्यांचा विषय वेगळा.

एवढं सांगून मी थांबलो असतो तरी तुमचं यंदाचं पैशाचं नुकसान टळलं असतं. पण तुम्ही उन्हाचं विचारलंत, आणि हा प्रश्न मला खरोखर जवळचा आहे.

परदेशी व्हिडिओंनी होतं असं की सूचना त्यांच्या हवेच्या असतात. ब्रिटनमधला माळी सांगतो की माती १२ अंशांच्या वर गेल्याशिवाय सूत्रकृमी देऊ नका, कारण त्यांची अडचण थंडीची. त्यांच्याकडे जास्त वापरात असलेली स्टाइनरनेमा फेल्टी ही जात गारव्यात सुखी असते. ती सोलापूरच्या मातीत टाकणं म्हणजे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मे महिन्यात बार्शीत लावणं. आपल्याकडेही हा अनुभव जुना आहे. १९६० च्या दशकापासून भारतात डीडी-१३६ नावाच्या अमेरिकी वाणावर आणि पुढे इतर परदेशी जातींवर प्रयोग झाले, आणि आपल्या हवेत त्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत. बरेच जण तिथेच म्हणाले की हे उष्ण देशाचं काम नव्हे.

पण उष्ण देशातही सूत्रकृमी असतातच, फक्त शोधायला हवे होते. कोइमतूरच्या ऊस पट्ट्यात असाच एक सापडला आणि १९९२ मध्ये पॉइनार, करुणाकर आणि डेव्हिड या तिघांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं हेटेरोऱ्हॅबडायटिस इंडिका. तामिळनाडूच्या मातीत वाढलेला हा जीव २५ ते ३२ अंशांत खुशीत असतो, त्याच्या वरही थोडं सोसतो. पुढे बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोनं त्याची पाण्यात मिसळता येणारी भुकटी तयार केली आणि ते तंत्र उत्पादकांना दिलं. आज आपल्याकडे हुमणीसाठी जी पाकिटं मिळतात त्यांत बहुधा हीच जात असते. पाकिटावर जातीचं नाव नसेल, उत्पादनाची तारीख नसेल, एका ग्रॅममध्ये किंवा एका पाकिटात किती जिवंत सूत्रकृमी आहेत हे लिहिलेलं नसेल, तर ते पाकीट घेऊ नका. नुसतं ‘जैविक हुमणीनाशक’ एवढंच लिहिलेलं असेल तर आत काय आहे ते देव जाणे. बऱ्याचदा मेटाऱ्हायझियम ही बुरशी असते. ती चांगलीच आहे, पण तिचं काम संथ आणि तिची रीत निराळी.

टेक्सास-ॲरिझोनाकडे राहणारी आपली मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक ओळ. तुमच्याकडे रिओ ग्रांद खोऱ्यातून मिळालेली स्टाइनरनेमा रिओब्रेव्ह ही उष्णता सोसणारी जात आहे, फ्लोरिडाच्या संत्रा-लिंबाच्या बागांत मुळं खाणाऱ्या भुंग्यांवर ती वापरलेली आहे. जातीचं नाव वाचून मागवा, एवढंच.

हे जीव काम कसं करतात ते माहीत असलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. पाकिटात असते ती तिसऱ्या अवस्थेतली पिल्लं, अर्ध्या मिलिमीटरची, तोंड मिटलेली, काही न खाणारी. त्यांच्या आतड्यात एक जिवाणू असतो. हेटेरोऱ्हॅबडायटिसच्या पोटात फोटोऱ्हॅबडस, स्टाइनरनेमाच्या पोटात झेनोऱ्हॅबडस. पिल्लू मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत किडीपर्यंत जातं, तिच्या तोंडातून, गुदातून किंवा श्वासाच्या छिद्रांतून आत शिरतं. हेटेरोऱ्हॅबडायटिसला पुढे एक बारीक दात असतो, त्यामुळे मऊ कातडी फाडूनही ते आत जाऊ शकतं. आत गेल्यावर ते जिवाणू सोडतं. जिवाणू किडीच्या रक्तात वाढतात, मऊ अळी एक-दोन दिवसांत मरते. मग सूत्रकृमी त्या जिवाणूंवर आणि कुजलेल्या मांसावर जगतात, आतच दोन-तीन पिढ्या काढतात आणि खाणं संपलं की हजारोंच्या संख्येनं नवी पिल्लं मातीत उतरतात.

यातला कळीचा शब्द म्हणजे पाण्याचा पातळ थर. आपल्या शेतकऱ्याकडे यासाठी एक फार नेमका शब्द आहे: वाफसा. मुठीत माती दाबली की गोळा व्हावी, टिचकी मारली की फुटावी, हाताला ओल लागावी पण चिखल नसावा. त्या अवस्थेत मातीच्या पोकळीत हवाही असते आणि पाणीही. सूत्रकृमीला दोन्ही लागतं. सुक्या मातीत त्याला पोहायला वाट नाही, आणि पाणी साचलं तर श्वास नाही. म्हणून मी म्हणतो, सोलापुरात सूत्रकृमींना मारतं ते हवेतलं ४२ अंश कमी, सुकलेली माती जास्त. वाफशात, आच्छादनाखाली, चार इंच खोल माती हवेपेक्षा खूप गार असते. काळ्या जमिनीत मात्र हात राखून अपेक्षा ठेवा. ती ओली झाली की पोकळ्या बुजतात, वाळली की भेगा पडतात, आणि दोन्हीत सूत्रकृमींचं फिरणं अडतं. लॉन काळ्या मातीवर असेल तर आधी काट्यानं किंवा पहारेनं भोकं पाडून त्यांत चाळलेलं कुजलेलं खत आणि वाळू भरा.

कुंडीचं गणित वेगळं आहे. स्लॅबवर ठेवलेली काळी प्लास्टिकची कुंडी किंवा ग्रो बॅग मे महिन्यात दुपारी हवेपेक्षाही जास्त तापते, कारण तिला वरून ऊन लागतं, बाजूंनी लागतं आणि खालून स्लॅबची धग. स्वयंपाकघरातला काडीचा थर्मामीटर दुपारी तीन वाजता कुंडीच्या कडेला दोन इंच खोचून बघा. ४० च्या जवळ दिसलं तर तिथे कुठलाच सूत्रकृमी टिकणार नाही आणि गुलाबाची कोवळी मुळंही टिकणार नाहीत. तुमचे गुलाब बहुधा असेच गेले. उन्हाळ्यात कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, बाहेरच्या ओळीला गोणपाट गुंडाळा, खाली विटा देऊन स्लॅबपासून उचला, वर उसाच्या पाचटाचा किंवा वाळलेल्या पानांचा थर द्या. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपत राहतं म्हणून ती गार राहते, पण सुकतेही लवकर.

आता तुमच्या पाकिटांकडे येऊ. मे महिन्यात कुरिअरच्या बंद गाडीतून आलेलं पाकीट पोहोचेपर्यंतच अर्धमेलं झालं असेल तर नवल नाही. मीही सुरुवातीच्या एका वर्षी हे शिकलो. एप्रिलात पाकिटं दुचाकीच्या डिकीत ठेवून तीन गावं फिरलो, सगळ्या ठिकाणी मन लावून फवारलं आणि घरी येऊन उरलेली चिमूटभर पाण्यात टाकून भिंगाखाली धरली, तेव्हा एकही हलत नव्हतं. त्या शेतकऱ्यांचा विश्वास परत मिळवायला मला दोन हंगाम लागले. तेव्हापासून भिंगाखाली बघितल्याशिवाय मी एक थेंबही जमिनीवर टाकत नाही.

दुसरं, फ्रिज. थंड देशातल्या जाती ४-५ अंशांना आठवडे टिकतात, म्हणून व्हिडिओत फ्रिज सांगतात. इंडिका उष्ण मातीतली आहे, तिला तेवढी थंडी बाधते. तिला १५ अंशांच्या आसपास बरं वाटतं. फ्रिजच्या मुख्य कप्प्यात आठवडाभर ठेवलेली तुमची पाकिटं तिथेही कमजोर झाली असणार. पाकिटावर साठवणीचं जे तापमान लिहिलं आहे ते पाळा. लिहिलेलं नसेल तर घरातल्या सगळ्यात गार खोलीत, माठाच्या शेजारी, जाळीच्या डब्यात ठेवा आणि दोन दिवसांत वापरून टाका. सगळ्यात चांगलं म्हणजे पावसाळा लागल्यावरच मागवा.

जिवंत आहेत की नाही हे बघणं अगदी सोपं आहे. चिमूटभर भुकटी पेलाभर साध्या पाण्यात टाका, अर्धा तास ठेवा. त्यातले चार थेंब काळ्या ताटलीत किंवा काळ्या मोबाइल कव्हरवर घ्या, बाजूनं टॉर्च मारा आणि दहा-पंधरा पटीच्या भिंगातून बघा. बारीक पांढऱ्या धाग्यांसारखे, नागमोडी वळवळणारे दिसले पाहिजेत. टाचणीसारखे ताठ पडून असतील आणि टोचल्यावरही हलत नसतील तर मेलेले. पाकिटाला कुजका, नाकाला झोंबणारा वास येत असेल तर भिंगाचीही गरज नाही.

घरात जुन्या तांदळाला किंवा रव्याला जाळी धरली असेल तर त्याहून पक्की परीक्षा करता येते. त्या जाळीतल्या पाच-सहा अळ्या घ्या. छोट्या डब्यात वाफशाची माती, त्यावर चिमूटभर भुकटीचं पाणी, त्यात अळ्या, झाकणाला सुईची भोकं, डबा अंधारात. चौथ्या-पाचव्या दिवशी अळ्या विटकरी लाल झालेल्या दिसल्या की समजायचं, माल जिवंत आहे आणि हेटेरोऱ्हॅबडायटिसच आहे. हा लाल रंग फोटोऱ्हॅबडस जिवाणूचा. पूर्ण अंधारात डोळे सरावल्यावर ताज्या मेलेल्या अळीतून अगदी मंद प्रकाशही दिसू शकतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्रभर झोप आली नाही. हीच डब्याची युक्ती उलटीही वापरता येते. जुन्या बागेतली, वर्षानुवर्षं औषध न पडलेली माती डब्यात घेऊन अळ्या ठेवा. कधी कधी तिथले गावठी सूत्रकृमीच त्या अळ्यांना मारून दाखवतात, आणि तुमच्या हवेत टिकणारा त्यांच्याइतका चांगला वाण दुसरा नाही.

तिसरी चूक दुपारची. उघड्या उन्हात सूत्रकृमी काही मिनिटांत मरतात, त्यातल्या अतिनील किरणांमुळे. आणि चौथी, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: गच्चीवरच्या टाकीचं पाणी. मे महिन्यात दुपारी नळाखाली हात धरून बघा, चटका बसतो. त्या पाण्यात पाकीट ओतलं की कार्यक्रम तिथेच संपला. नळी उन्हात पडलेली असेल तर तिच्यातलं पहिलं पाणी त्याहून गरम असतं. सकाळी बादल्या भरून सावलीत ठेवा आणि संध्याकाळी तेच पाणी वापरा.

यंदा लॉनसाठी असं करा. मृगाच्या पहिल्या पावसापासून दहा-पंधरा दिवस रोज संध्याकाळी सात ते नऊ या वेळात जवळपासच्या कडुनिंबाखाली चादर अंथरून फांद्या हलवा. पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात. एकेक मादी जाते तिच्याबरोबर पुढच्या कित्येक अळ्या जातात, आणि याला खर्च शून्य. गल्लीतल्या चार घरांनी मिळून केलं तर जास्त गुण येतो, कारण भुंगेरे कुंपण मानत नाहीत. अंगणातला रात्रभर चालणारा झगझगीत दिवा त्या दिवसांत बंद ठेवा.

सूत्रकृमी द्यायचे ते पुनर्वसूपासून मघांपर्यंत, म्हणजे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर. अळी तेव्हा लहान असते, वर असते, आणि माती आपसूक गार आणि ओली असते. तिसऱ्या अवस्थेतली अळी चिवट आहे. तिच्या श्वासाच्या छिद्रांवर चाळणीसारखी जाळी असते, त्यातून सूत्रकृमींना शिरणं अवघड जातं. गणपतीत चट्टे दिसल्यावर धावपळ करून उपयोग कमी होतो तो यामुळे. तेव्हा द्यायचेच झाले तर मात्रा दुप्पट करा आणि अपेक्षा निम्मी ठेवा. सोलापूरला जुलैत पाऊस बऱ्याचदा दडी मारतो, तेव्हा ओल तुम्हालाच राखायला लागेल.

मात्रा जगभर साधारण एकच धरतात: हेक्टरी अडीच अब्ज, म्हणजे चौरस मीटरला अडीच लाख. तुमचं लॉन ४६ चौरस मीटरचं, त्याला एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास लागतील. पाकिटावरचा आकडा बघून किती पाकिटं घ्यायची ते काढा. बारा इंची कुंडीला अठरा-वीस हजार पुरतात, पण त्यात खरी हुमणी आहे ही खात्री झाल्यावरच.

आदल्या दिवशी लॉनला चार इंच ओल जाईल एवढं पाणी द्या. दुसऱ्या दिवशी सूर्य कलल्यावर भुकटी थोड्या पाण्यात कालवून ती बादलीत मिसळा. झारीनं द्या. झारीसारखं साधन नाही. पंप वापरायचा असेल तर त्यातल्या बारीक जाळ्या काढून ठेवा, नाहीतर सगळे सूत्रकृमी जाळीवरच अडकतील. ते जड असतात, तळाला बसतात, म्हणून दर दोन मिनिटांनी बादली ढवळा, आणि कालवलेलं पाणी तासाभरात संपवा, कारण बादलीत त्यांना हवा कमी पडते. चौरस मीटरला लिटरभर पुरे. त्यावर लगेच पाच-सहा लिटर साधं पाणी शिंपडा, म्हणजे पात्यांवर राहिलेले मातीत उतरतील. रिमझिम पावसात दिले तर हे काम पाऊसच करतो. त्या संध्याकाळी छत्री धरून झारी फिरवायला मला फार आवडतं. मात्र धो धो पावसात नको, वाहून जातात. पुढचे दोन आठवडे वाफसा मोडू द्यायचा नाही. तीन आठवड्यांनी दुसरी फेरी.

त्या काळात युरिया टाकू नका, ताजं शेण टाकू नका. निंबोळी पेंड आधी दिलेली असेल तर हरकत नाही. दुकानात कुणी ‘एकदम जालीम’ म्हणून दाणेदार औषध पुढे केलं तर घेऊ नका. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरी जुनी पुडी कुठेतरी निघते. त्यानं हुमणीबरोबर सूत्रकृमी आणि गांडुळंही मरतील, आणि लॉनवर मुलं खेळतात.

कशावर चालत नाही तेही सांगतो. मावा, पिठ्या ढेकूण, लाल कोळी यांच्यावर पानांवर फवारून पैसे वाया जातात, तिथे सूत्रकृमी सुकून मरतात. पावसाळ्यातल्या गोगलगायींवरही नाही. परदेशी व्हिडिओत दिसतो तो गारव्यातला वेगळाच सूत्रकृमी. वाळवीवर प्रयोगशाळेत छान दिसतं, बागेत मला भरवसा वाटलेला नाही. वाळवी बाधित भाग मातीनं बंद करून टाकते. पेरूच्या झाडाखाली मात्र उपयोग होतो, कारण फळमाशीची अळी कोष करायला मातीत उतरते तेव्हा सापडते. तरी पडलेली फळं रोज उचलणं हेच तिथलं पहिलं काम. रोपं रात्री बुंध्याशी कुरतडणाऱ्या अळीवर इंडिका चांगली चालते. मक्याच्या पोंग्यात लपलेल्या लष्करी अळीवरही लोक वापरतात, पोंग्यात ओल टिकते म्हणून.

एकदा दिले की कायमचे झाले, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खायला अळी आहे आणि ओल आहे तोवर ते वाढतात, उन्हाळ्यात बहुतेक मरतात. पहिली दोन-तीन वर्षं दर पावसाळ्यात द्यायची तयारी ठेवा. भुंगेरे वेचणं चालू राहिलं तर पुढे गरज कमी होत जाते, हा माझा अनुभव आहे.

दिल्यावर सातव्या-आठव्या दिवशी लॉनच्या दोन-तीन ठिकाणी वीतभर चौकोन उचलून खाली बघा. हुमणीला मऊ अळीपेक्षा वेळ जास्त लागतो, तेव्हा तिसऱ्या दिवशी उकरून निराश होऊ नका. काळी पडलेली, घाण वासाची अळी सापडली तर ती दुसऱ्याच कशानं मेली. कडक होऊन हिरवट पावडर धरलेली असेल तर मेटाऱ्हायझियम. आणि विटकरी रंगाची, रबरासारखी लिबलिबीत, फारसा वास नसलेली सापडली तर ती अजिबात फेकू नका. तिच्या पोटात लाखभर पिल्लं वाढत असतात. जिथे गेल्या वर्षी चट्टा सगळ्यात मोठा होता तिथे दोन बोटं खोल पुरा, वर मूठभर ओली माती दाबा, आणि मुंग्या येणार नाहीत अशी जागा बघून घ्या.